कोपऱ्यातलं मडकं

मडकं गेलं होतं, पण मडक्याची सावली भिंतीवर तशीच राहिली होती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आमच्या गावचे पुढारी हौसरावआबा समोरच्या स्टुलावर बसून बशीतून चहा ओढत होते आणि मी त्यांच्या फाइलीत फोटो भरत होतो. सात घरांचे चौदा फोटो, प्रत्येक घराचा एक बाहेरून, एक आतून. पाचव्या घराचा आतला फोटो प्लास्टिकच्या पाकिटात सरकवताना माझा अंगठा थांबला. डावीकडच्या कोपऱ्यात, चुलीमागच्या सारवलेल्या भिंतीवर, एक गोलसर काळपट सावली होती आणि ती पाडायला तिथं काहीच नव्हतं. कौल सरकलेल्या भोकातून ऊन आत आलेलं, चुलीपुढची जमीन लख्ख, आणि भिंतीवर ही सावली. तीन दिवसांपूर्वी मीच कॉम्प्युटरवर ते मडकं पुसलं होतं आणि सावली पुसायची विसरलो होतो. गिऱ्हाइकाला असलं काही कधी दिसत नाही. नवरीच्या गालावरचा तीळ काढला तर तिच्या आईला महिन्यानं कळतं. पण मला दिसलं, आणि जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा आतून एक हिसका बसला.

"काय रं म्हाळूशेठ, भूत दिसलं का काय?" आबा म्हणाले.

"न्हाई आबा. कोपरा दुमडला व्हता."

"बघू." त्यांनी फोटो हातात घेऊन लांब धरला. चष्मा खिशातच होता. "झ्याक. येकदम मोकळं दिसतंय. आसंच पायजे व्हतं. उगं अडगळ दिसली की मान्सं फाटं फोडत बसत्यात." आणि फाइल काखेत मारून ते गाडीकडं गेले. बशी मी उचलली, विसळली आणि फळीवर पालथी घातली.

हे दोन हजार पाच सालच्या एप्रिलमधलं. शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या बोळात माझा अनिता फोटो स्टुडिओ. बायकोचं नाव दिल्यामुळं ती कधीमधी मालकीण असल्यासारखी गल्ल्यामागं बसते आणि मीही बसू देतो. गाव आमचं बोरमाळ, कारेगावच्या पुढं, आत. गाव म्हणायचं ते नावाला. मी दहा वर्षांचा असतानाच आम्ही तिथून निघालो. माळाच्या वरच्या अंगाला तेव्हा मेंढपाळांची आठ घरं होती एका रांगेत. आठवं आमचं. तिथं आता हौसरावआबांची कांद्याची चाळ आहे, आणि उरलेल्या सातांतली सहा घरं खरोखरच मोडली आहेत. माणसं कुणी कारेगावात गेली, कुणी सणसवाडीला कंपनीत लागली, कुणी खाली विहिरीच्या जमिनीत नवी घरं बांधली. पाचवं घर तेवढं चालू. धुरपदाआत्याचं. तिची मेंढरं अजून आहेत आणि ती दिवाळीनंतर मुलासकट दौंडच्या बाजूला उतरते, ज्येष्ठात परत येते. मधले सहा-सात महिने घराला कुलूपही नसतं, दाराला बोरीच्या काट्या लावलेल्या असतात. एक मेच्या ग्रामसभेत आबा ठराव आणणार होते की वापरात नसलेली ही सात पडीक घरं नोंदीतून कमी करावीत आणि ती जागा कामगारांच्या खोल्यांसाठी द्यावी. खोल्या कोण बांधणार हे विचारायची गरज नव्हती. आबांच्या दारात विटांचे दोन ट्रक आधीच उतरले होते. ठरावाला पुरावा म्हणून फोटो हवे होते, आणि फोटो म्हटलं की म्हाळू.

ह्याचं कारण माझी वाइड लेन्स. पुण्यातल्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडून मी ती जुनी घेतली, लग्नासाठीच. स्टेज आणि त्यावरचे सगळे मामा-काका एका फ्रेममध्ये मावतील म्हणून. पण चालली ती खोल्यांसाठी. रांजणगावच्या कंपन्या वाढल्या तशा कारेगाव-सणसवाडीला जो तो खोल्या बांधायला लागला, आणि दहा बाय दहाची खोली माझ्या लेन्समधून कार्यालयाच्या हॉलएवढी दिसते हे लोकांना कळलं. मग 'खोली भाड्यानं देणे' म्हणून माझ्या फोटोंचे बोर्ड लागले. एकदा एक बिहारी पोरगा बॅग घेऊन थेट स्टुडिओत आला. "भैया, वो फोटोवाला रूम किधर है? जो दिखाया वो तो ये है नहीं." मी त्याला चहा पाजला. खोली तीच होती, फक्त मी दारात पाठ टेकून, खाली बसून, लेन्स कोपऱ्याकडं तिरकी करून फोटो काढला होता. ही लेन्स मधल्या वस्तूशी नीट वागते, पण कडेच्या वस्तूला ओढते. समूहफोटोत टोकाला उभा राहिलेला सडपातळ माणूस पैलवान दिसतो. त्यामुळं मला एक सवय लागलेली: कडेला जे काही ताणलेलं, बेढब दिसेल ते कॉम्प्युटरवर काढून टाकायचं. गॅसची टाकी, झाडू, पायपुसणं. शेजारची मोकळी भिंत किंवा फरशी माउसनं उचलायची आणि त्या वस्तूवर शिंपडत जायची. दहा मिनिटांत वस्तू नाहीशी होते आणि खोली कुणाचीच राहत नाही.

धुरपदाआत्याच्या घरात शिरलो तेव्हा काट्या आबांच्या ड्रायव्हरनं काठीनं बाजूला केल्या होत्या. मी त्या वेळी लेन्स पुसत होतो. ती आधीच स्वच्छ होती, तरी पुसत होतो. आत गेलो, खाली बसलो, फोटो काढला. आबा दारातच उभे. फोटोत चुलीपुढचं मडकं अगदी डाव्या कडेला आलं आणि लेन्सनं त्याला ओढून रांजणाएवढं केलं. पोट सुटलेलं, एकीकडं कललेलं. स्टुडिओत आल्यावर मी ते काढलं. त्या दिवसांत शिरूरला रोज सात-आठ तास वीज जायची, कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या डाव्या हाताला दर दोन मिनिटांनी सेव्ह दाबायची खोड लागलेली. वेगळ्या नावानं ठेवावं, मूळ फोटो जपावा, हे सगळं पुण्याच्या लोकांचं शास्त्र. मी मडकं पुसत होतो आणि सेव्ह करत होतो, पुसत होतो आणि सेव्ह करत होतो. मग वीज गेली. संध्याकाळी साखरपुड्याची ऑर्डर होती म्हणून कॅमेऱ्यातलं कार्ड मोकळं केलं. म्हणजे ते मडकं फोटोतून जे गेलं ते कायमचंच.

आता ही गोष्ट मी अशी सांगतोय की जणू मडकं म्हणजे झाडू किंवा गॅसची टाकी. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आमच्या त्या आठ घरांची रीत होती. दिवाळी झाली, घोडीवर बिऱ्हाड लादलं, मेंढरं पुढं काढली, की घरातली थोरली बाई शेवटची आत जायची. चूल सारवून घ्यायची. चुलीपुढं पाच मुठी बाजरी ठेवायची, तिच्यावर मडकं पालथं घालायचं आणि मडक्याच्या काठाला सगळीकडून शेणानं लिंपायचं, उंदीर-मुंगी जाऊ नये म्हणून. माझी आई हे करताना मी दारात उभा असे आणि ती दर वेळी तेच म्हणे, मी विचारलेलं नसताना: "मानूस न्हाई तर न्हाई, पर घरात दाना पायजे. दाना असला की घर वाट बघतं." ज्येष्ठात परत आल्यावर मडकं त्याच बाईनं उचलायचं, ती बाजरी नव्या पिठात मिसळून पहिली भाकर करायची, आणि त्या भाकरीच्या धुरानं घर चालू व्हायचं. दुसऱ्या कुणी मडक्याला हात लावायचा नाही. चोरसुद्धा ताटं-वाट्या न्यायचे पण मडकं ओलांडून जायचे, असं सांगत. आणि मडकं कुणी उचललं, तर ते घर फुटलं. मग त्यात राहायचं नाही.

शहात्तर सालच्या ज्येष्ठात आम्ही परत आलो तर काट्या इकडंतिकडं पसरलेल्या होत्या आणि मडकं नव्हतं. चुलीपुढं शेणाचं वर्तुळ राहिलं होतं, मधे काही नाही. आई तिथंच मटकन बसली. वडील, गेणबा त्यांचं नाव, आत गेलेच नाहीत. उंबऱ्यावर बसले, पटका सोडून पुन्हा बांधला, आणि मला म्हणाले, "घोडीवरचं काय उतरवू नगंस." त्या वेळी मला घोडीच्या पाठीची काळजी वाटली होती, एवढं आठवतं. दीड महिना आम्ही धुरपदाआत्याच्या अंगणातल्या लिंबाखाली राहिलो. मग वडिलांनी मेंढरं विकली, जागा हौसरावआबांना दिली आणि आम्ही घोडनदीला, म्हणजे शिरूरला, आलो. वडील मार्केट यार्डात पोती उचलायला लागले. तिथंही ते पहाटे उठून बसायचे, कळप सोडायची वेळ झाल्यासारखे, आणि मग काहीच सोडायचं नाही म्हणून पुन्हा आडवे व्हायचे. त्यांना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मी मात्र लोकांना सांगत आलो की मेंढरामागं फिरून काही हाती लागत नाही हे ज्यांना वेळेत कळलं त्यांतले माझे वडील. स्टुडिओच्या उद्‌घाटनाला दोन शब्द बोललो त्यातही हे वाक्य होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मडक्याचं कधी कुणाला सांगितलं नाही. दहावी पास झालेल्या माणसानं मडक्यामुळं गाव सुटलं असं कसं सांगायचं? आणि मडकं काय, कुत्र्यानं पाडलं असेल.

आबा फाइल घेऊन गेले त्या दुपारी मी घरून माठ आणला, खिडकीपाशी ठेवला, उन्हाचा कोन जुळवून त्याचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवरच्या त्याच फोटोत त्या सावलीपुढं बसवून पाहिला. कडा मऊ केल्या, थोडी धूळ टाकली, कडेला ओढून पोट सुटल्यासारखं केलं. हुबेहूब. मूळ फोटोत दिसत होतं त्याहून खरं मडकं वाटत होतं. मी पाच मिनिटं त्याच्याकडं पाहत बसलो आणि मला माझ्याच हातांची किळस आली. खिडकीतला माठ होता तो, पाणी प्यायचा, आणि आजवर मी लोकांच्या लग्नात, बारशात, खोल्यांत काय काय असंच बसवलं आणि काढलं होतं त्याची गणती नव्हती. पुसून टाकलं. तेवढ्यात अनिता आली. "माठ कुठं नेला? घरात पाण्याला काय चंबू लावू?" म्हणाली. मग माझं तोंड पाहून बाकड्यावर बसली. तिला सगळं सांगितलं. ती दौंडची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. मेंढरं तिनं गाडीच्या खिडकीतून पाहिलेली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, घर तिथंच आहे, मडकं तिथंच आहे. जाऊन दुसरा फोटो काढा. हाय काय अन् नाय काय."

फोटो काढायला पाऊण तास लागला असता. तो घेऊन ग्रामसभेत उभं राहायचं होतं, अडचण तिथं होती. माझं निम्मं काम आबांचं. खोल्यांचे बोर्ड, त्यांच्या भावकीतली लग्नं, निवडणुकीतले फ्लेक्स, पोराच्या वाढदिवसाला आबांच्या डोक्यावरचं टक्कल झाकून द्यायचं काम. आबांनी हात काढला की बोळातला स्टुडिओ दोन महिन्यांत बंद. हे मी अनिताला सांगितलं नाही, तिला ते माहीत होतं. मी फक्त म्हणालो, "आत्याचं घर आहे. तिलाच जाऊन सांगतो. तिचं ती बघेल." हे म्हणताना मला फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं ठेवताना माणूस किती प्रेमानं बोलतो.

न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याला लागलो, भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात उतरलो आणि प्रत्येक टपरीवर बोरमाळची मेंढरं कुठं बसलीत विचारत गेलो. त्या बाजूचे बागायतदार रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी. चार दिवस ह्या रानात, चार दिवस त्या. तिसऱ्या टपरीवर पत्ता लागला. गव्हाचं रान, मोकळं, आणि मधे जाळीच्या वाघरीत मेंढरं. गाडी बंद केल्याबरोबर वास आला. लोकर, लेंड्या, ओली कोकरं, तापलेलं दूध. एकोणतीस वर्षांनी नाकात गेला आणि मला एकदम रडू फुटेल असं वाटलं. म्हणून मी गाडीची चेन तपासत थोडा वेळ खाली बसलो. धुरपदाआत्या पालापाशी एका कोकराच्या तोंडात बोटानं दूध घालत होती. सत्तरी उलटलेली, पण पाठ सरळ. तिचा मुलगा भिमा पलीकडं वाघरीची खुंटी ठोकत होता.

"कोन रं?"

"आत्या, मी म्हाळू. बोरमाळच्या गेणबाचा."

"गेणबाचा? फोटू काडतोस त्यो? बस की मग, उभा का?"

मी बसलो आणि सांगायला लागलो. आबांबरोबर माळावर फोटो काढायला गेलो होतो एवढं झालं, पुढं कळेना म्हणून एकदम म्हणालो, "आत्या, तुझ्या घरातलं मडकं मी काढलं." तिनं कोकरू खाली ठेवलं. भिमाचा हातोडा थांबला.

"हात लावलास मडक्याला?"

"न्हाई न्हाई. फोटूतलं काढलं. घरातलं हाय तिथंच हाय."

"आन् हौसरावानं? त्यानं लावला का?"

"आबा उंबऱ्याच्या आत आलंच न्हाईत."

तिनं श्वास सोडला आणि कोकरू पुन्हा मांडीवर घेतलं. "मग कशापायी जीव खालवर करतोयस? फोटूत तर मी बी न्हाई. म्हून काय मेले व्हय मी?"

मग मी नीट समजावलं. ठराव, नोंद, खोल्या, विटांचे ट्रक. नाव एकदा कमी झालं की ज्येष्ठात येशील तेव्हा तिथं पाया खणलेला असेल. हे तिला लगेच कळलं. भिमा म्हणाला, "म्या येतो, डोस्की फोडतो येकेकाची." आत्यानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मेंढरं व्याया लागल्यात," ती मला म्हणाली. "चार दिस मला हलता यायचं न्हाई, अन् ह्याला धाडलं तर ह्यो डोस्कीच फोडील. तू पुसलंस नव्हं? मग तूच सांग."

"माझं कोन ऐकतंय आत्या?"

"आमच्यापरीस तुझं ऐकत्याल. तू दुकानवाला." आणि जरा थांबून, "सांगून न्हाई भागलं तर मडकं उचल. चूल पेटीव, भाकर कर. चूल पेटली म्हंजी घर चालतंय, ह्ये काय कुनाला शिकवाय लागत न्हाई."

"पर मडकं घरच्या बाईनं उचलायचं ना?"

"बायकू हाय नव्हं तुला? गेणबाची सून ती माझी सून. माझ्या नावानं उचलू दे तिला. निगताना परत पाच मुठी ठिवा आन् लिपून घ्या." कोकराच्या नाकावरचं दूध तिनं पदरानं पुसलं. "तुझ्या बापानं लई दिस काडलं माझ्या लिंबाखाली. रातध्याड येकच बोलायचा, कुनी उचललं आसंल. कवाच कळलं न्हाई बग त्याला."

"मला वाटतं, कुत्र्यानं पाडलं असंल."

"कुत्रं खापरं बी संगं नेतं व्हय रं?" आत्या म्हणाली.

परत येताना पुलावर थांबलो. खाली भीमेला पाणी थोडंच होतं. दहा वर्षांचा असताना मी त्या चुलीपुढं उभा होतो, शेणाचं वर्तुळ पाहिलं होतं आणि खापराचा एक तुकडा तिथं नव्हता. हे मी पाहिलेलं होतं. पाहिलेलं असूनही माझ्या डोक्यात कुत्रं आलं कुठून? मीच बसवलं असणार, कडा मऊ करून, जागा भरायला.

एक मेला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. शंभरेक माणसं, कडेला दहाबारा बाया. मी अनिताला घेऊन गेलो होतो. तिच्या पिशवीत पीठ, पाण्याची बाटली, तवा, काडेपेटी आणि चार गोवऱ्या. ग्रामसेवकानं ठराव वाचला. फाइल हातोहात फिरायला लागली. माणसं फोटो पाहून म्हणत होती, आयला, एवढाली घरं हायती व्हय वर? माझ्या लेन्सचं कौतुक चाललं होतं. फाइल माझ्यापर्यंत आली तशी मी उभा राहिलो. पाचव्या घराचं पान उघडून फाइल पुढं धरली.

"पाचवं घर पडीक न्हाई," मी म्हणालो. "ते धुरपदाआत्याचं हाय. चुलीपुढं मडकं हाय, म्या फोटूतनं पुसलंय. पर सावली राहिलीय, ही बघा."

माणसं वाकली. फाइल ओढाओढी झाली. "व्हय की, सावली हाय," कुणीतरी म्हणालं. आबा खुर्चीवर बसले होते. ते चिडतील असं मला वाटलं होतं आणि त्याची मी तयारी केली होती. ते हसले. अगदी मनमोकळं, घरच्या पोरानं आगाऊपणा केल्यावर हसतात तसं.

"आरं म्हाळू, मडक्याचं काय कौतिक लावलंयस? मडकं असलं म्हंजी घर चालतंय व्हय? तुझ्या बापाच्या घरात बी व्हतं की मडकं. म्याच उचललं. बाजरी कोंबड्यास्नी टाकली, मडकं हिरीवर नेलं. जागा पायजे व्हती मला, आन् गेणबा तसा हलनारा गडी नव्हता. मग काय झालं? चांगलंच झालं की! न्हाईतर आज मेंढरं हाकत बसला आस्तास. माझ्यापायी शेठ झालास तू."

एकदोघं हसले, मग थांबले. मला वडील दिसले, उंबऱ्यावर बसून पटका बांधणारे. सतरा वर्षं ते पोती उचलत राहिले आणि त्यांची समजूत अशी की घरानंच आपल्याला टाकलं. त्यांना काळाची चाहूल वगैरे काही लागलेली नव्हती. त्यांना त्यांचं घर हवं होतं, आणि मी लोकांना भलतंच सांगून टाळ्या मिळवल्या. आबांचा मला राग आला, अंग तापावं एवढा आला. पण त्यांनी मडकं उचललं होतं आणि मी पुसलं होतं, दोघांनाही ते काय आहे हे पक्कं ठाऊक असताना. हे मनात एकदम साफ दिसलं. बायांमधली एक म्हातारी पदर सावरत उठली. "आबा," ती म्हणाली, "तुमी मडकं उचललं?" एवढंच म्हणाली आणि बसली नाही, उभीच राहिली. तिच्या शेजारच्याही उठल्या. मेंढरांशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण वरच्या आळीच्या मडक्याला हात लावायचा नाही हे त्या गावात लग्न होऊन आलेल्या प्रत्येकीला सासूनं सांगितलेलं असणार. आबा खुर्चीत जरा सरकून बसले. ग्रामसेवक खाकरला. प्रत्यक्ष पाहणी करून घेऊ, म्हणाला.

सगळी सभा माळावर चढली. काट्या ड्रायव्हरनं कशाबशा टेकवलेल्या होत्या. त्या मी हातानं काढल्या, दोन काटे बोटांत रुतले. अनिता आत गेली. दारात माणसांची दाटी झाली, उंबरा मात्र कुणी ओलांडला नाही. मडकं होतं. लहानसंच, घागरीहून लहान, काठाला शेणाचा सुकलेला लेप. अनितानं माझ्याकडं पाहिलं, मग मडक्याला हात जोडले आणि "धुरपदाआत्यांच्या नावानं," असं मोठ्यानं म्हणून ते दोन्ही हातांनी फिरवलं. लेप तडकला. खाली बाजरी होती, पाच मुठींचा ढीग, दाणा इकडचा तिकडं झालेला नव्हता. तिनं चिमूटभर उचलून दगडानं ठेचली आणि पिठात मिसळली. चूल लागायला वेळ लागला, शहरातली बाई. फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी आलं. मग सरकलेल्या कौलातून धूर वर गेला. बाहेर कुणीतरी म्हणालं, "लागली, लागली." ग्रामसेवकानं दाराच्या चौकटीला वही टेकवून लिहिलं, घर क्रमांक पाच, वापरात, चूल चालू. आबा तोवर खाली निघून गेले होते. भाकर जाड झाली आणि एका बाजूनं करपली. बायांनी तिचा तुकडा तुकडा वाटून घेतला, मीही खाल्ला.

निघताना अनितानं पाच मुठी ठेवल्या, मडकं पालथं घातलं आणि शेण आणून लिंपलं. मी कॅमेरा काढला. तीच लेन्स, तीच जागा, दारात पाठ टेकून, खाली बसून. आबांची कामं दुसऱ्या दिवसापासून बंद झाली ती आजतागायत. खोल्यांचे बोर्ड आता चौकातला दुसरा एक जण करतो, मी पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स काढतो. चाललंय. तो फोटो मी कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा मडकं डाव्या कडेला ताणलं गेलेलं, पोट सुटलेलं, रांजणाएवढं, आणि मागं भिंतीवर त्याची सावली. सवयीनं हात माउसवर गेला होता. मी एकदाच सेव्ह दाबलं आणि मोठी प्रिंट काढून स्टुडिओत वडिलांच्या फोटोशेजारी लावली. पासपोर्ट फोटोला बसलेली माणसं मान वळवून बघतात आणि विचारतात, एवढा मोठा रांजण कुणाच्या घरातला हो? मी म्हणतो, रांजण नाही, मडकं आहे, धुरपदाआत्याचं. आमच्या घरातपण होतं.